किरकोळ : एका विशेषणाचा अर्थविचार

३.१ प्रास्ताविक



शब्दाचा अर्थ कोशात सापडतो ही समजूत अर्धीच खरी आहे. कोश शब्दाचे पर्याय देतो, फार तर एखादे उदाहरण देतो. तो शब्द कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उच्चारला, यावर ठरणारा अर्थ मात्र वापरातच शोधावा लागतो. हा शोध कसा घ्यावा हे पाहण्यासाठी या घटकात आपण मुद्दाम एक साधा, कोणालाही अडचणीचा न वाटणारा शब्द निवडला आहे. तो शब्द म्हणजे ‘किरकोळ’.

महत्त्व नसलेल्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. क्षुल्लक, फुटकळ, नगण्य, मामुली, यःकश्चित, सटरफटर, लहानसहान अशी त्यांची रांग लागते. पण दुकानात, कचेरीत, दवाखान्यात, वर्तमानपत्रात आणि घरात अशा सर्व ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरणारा शब्द ‘किरकोळ’ हाच आहे. हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला या शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थच्छटा ओळखता याव्यात, त्याचे वाक्यातील स्थान बदलले की अर्थ कसा बदलतो हे सांगता यावे आणि एखाद्या लिखाणात हा शब्द योग्य ठिकाणी आला आहे की नाही याविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडता यावे, अशी अपेक्षा आहे. यांतील शेवटची अपेक्षा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ‘किरकोळ’ हे विशेषण दिसते वर्णनाचे, पण पुष्कळदा ते निवाड्याचे असते.

३.२ दुकान आणि वही

प्रथम दुकानापासून सुरुवात करू. व्यापारात ‘किरकोळ’ हा शब्द ‘घाऊक’च्या विरुद्ध उभा असतो. पोत्याने, पेटीने, क्विंटलने होणारा व्यवहार घाऊक. किलोने, पावाने, नगाने होणारा व्यवहार किरकोळ. वेष्टनावर छापलेली जी कमाल किंमत असते तिला आपण ‘कमाल किरकोळ किंमत’ म्हणतो. ‘किरकोळ विक्रेता’ असे म्हणताना त्या विक्रेत्याची प्रतिष्ठा कमी आहे असे कोणालाही सुचवायचे नसते. त्याचा माल सुटा, थोडाथोडा विकला जातो एवढेच त्यात सांगितलेले असते. मोठ्या शहरांतील पाचमजली वातानुकूलित दालनेही व्यापाराच्या भाषेत किरकोळ विक्रीचीच दुकाने होत. २०१२ साली केंद्र शासनाने बहुनाममुद्रा किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा त्यावरून देशभर मोठा राजकीय वाद झाला. नावाने किरकोळ असलेला व्यापार देशाच्या राजकारणात मुळीच किरकोळ नव्हता. म्हणजे येथे शब्दाचा अर्थ ‘सुटा’ असा आहे, ‘बिनमहत्त्वाचा’ असा नाही.

आता वहीकडे वळू. घरात लग्नकार्य झाले की हिशेब मांडला जातो. कार्यालयाचे भाडे, जेवणावळ, कपडे, दागिने, मांडव, वाजंत्री असे रकाने पडतात आणि सर्वांत शेवटी एक रकाना उरतो : किरकोळ. रिक्षाभाडे, सुतळी, सुपाऱ्या, ऐनवेळी आणलेले दूध, कोणाच्या हातावर ठेवलेले पैसे हे सारे त्यात जाते. ज्यांनी असा हिशेब प्रत्यक्ष लिहिला आहे त्यांना ठाऊक असेल की या रकान्याची बेरीज कित्येकदा वरच्या एखाद्या भारदस्त रकान्यालाही मागे टाकते. तरीही त्याचे नाव किरकोळच राहते. का? कारण येथे ‘किरकोळ’चा अर्थ ‘लहान’ असा नाही. ज्यांना स्वतःचा रकाना मिळाला नाही अशा बाबी, हा त्याचा अर्थ आहे. शासकीय कचेऱ्यांत याच जातीच्या खर्चाला ‘सादिलवार खर्च’ हा जुना शब्द आजही चालतो. शाळा-कचेऱ्यांत ‘नैमित्तिक रजे’ला बोलण्यात ‘किरकोळ रजा’ म्हणतात, तेही असेच. आजारपण, बाळंतपण अशी नावे असलेल्या रजा वेगळ्या; ज्या रजेच्या कारणाला स्वतःचे नाव नाही ती किरकोळ.

हा ‘रकाना नसणे’ हा अर्थ ध्यानात ठेवावा. पुढील विवेचनात तो पुन्हा लागणार आहे.

याखेरीज आकारमानाचा अर्थ आहेच. ‘अंगाने किरकोळ’, ‘किरकोळ शरीरयष्टीचा’ असे आपण म्हणतो. ‘दरात किरकोळ वाढ’ असे म्हणतो. आणि या सर्वांच्या पुढे, आजच्या बोलण्यात सर्वाधिक आढळणारा अर्थ येतो : महत्त्व नसलेला, दखल घेण्याजोगा नसलेला. सुटा, बेनाव, लहान आणि बिनमहत्त्वाचा अशा या चार छटा झाल्या. त्यांपैकी पहिल्या तीन मोजता किंवा तपासता येतात. चौथी तशी तपासता येत नाही. पण शब्द एकच असल्यामुळे बोलणारा पहिल्या तिनांपैकी एकीतून चौथीत केव्हा गेला हे ऐकणाऱ्याला, आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही, कळत नाही. या शब्दाची खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही येथेच आहेत.

३.३ वाक्यातील स्थान

व्याकरणदृष्ट्या ‘किरकोळ’ हे अविकारी विशेषण आहे. ‘चांगला मुलगा, चांगली गोष्ट, चांगले काम’ असा बदल आकारान्त विशेषणात होतो. ‘किरकोळ’ मात्र लिंग, वचन, विभक्ती कशानेही हलत नाही. किरकोळ वाद, किरकोळ चूक, किरकोळ कामे, किरकोळ कारणावरून. विशेष म्हणजे हाच शब्द रूप न बदलता क्रियाविशेषणाचे आणि विशेषणाच्या विशेषणाचेही काम करतो. ‘चालक किरकोळ जखमी झाला’ या वाक्यात ‘किरकोळ’ हा शब्द चालकाचे वर्णन करीत नाही. तो ‘जखमी’ या शब्दाची मर्यादा सांगतो.

रूप बदलत नसल्यामुळे अर्थाचा सारा भार स्थानावर पडतो. पुढील दोन वाक्ये पाहा :

किरकोळ महागाई वाढली.
महागाई किरकोळ वाढली.

पहिले वाक्य अर्थविषयक बातमीत नेहमी येते. तेथे ‘किरकोळ महागाई’ म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष ज्या भावाने वस्तू विकत घेतो त्या भावांतील वाढ. घाऊक बाजारातील महागाईहून ती निराळी मोजतात. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून जे ४ टक्के महागाईचे उद्दिष्ट ठरवून दिले आहे आणि त्याच्या खाली-वर २ टक्क्यांची मुभा ठेवली आहे, ते याच ग्राहक किमतींच्या महागाईचे. म्हणजे सामान्य कुटुंबाच्या पोटाशी जिचा सर्वांत जवळचा संबंध, त्या महागाईचे मराठी नाव ‘किरकोळ’. अर्थशास्त्राशी परिचय नसलेला वाचक ‘किरकोळ महागाई वाढली’ हे वाचून ‘थोडीशीच वाढली ना’ असे समाधान मानून पान उलटू शकतो. दुसऱ्या वाक्यात खरोखर तोच अर्थ आहे. आणि ‘किरकोळ महागाई किरकोळ वाढली’ हे वाक्य कानाला विनोदी वाटले तरी व्याकरण आणि अर्थशास्त्र या दोहोंच्या दृष्टीने निर्दोष आहे! भाषांतर करणाऱ्या किंवा बातमी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने अशा जागी ‘ग्राहक किमतींची महागाई’ किंवा ‘किरकोळ बाजारातील महागाई’ असे लिहिणे बरे. एक शब्द वाढतो, पण एक गैरसमज टळतो.

माणसाला हे विशेषण लावतानाही असाच पेच पडतो. ‘अंगाने किरकोळ’ यात संदिग्धता नाही. पण ‘समोर एक किरकोळ माणूस उभा होता’ या वाक्यात तो माणूस कृश होता की लेखकाच्या लेखी कवडीमोल होता, हे पुढचे वाक्य वाचल्याविना ठरत नाही. नकारासह मात्र हा शब्द सरळ गौरवाचा होतो. ‘हा काही किरकोळ माणूस नव्हे’ ही स्तुती झाली. अलीकडे तरुणांच्या बोलण्यात एकट्याने उभा राहणारा ‘किरकोळ!’ ऐकू येतो. ‘पेपर कसा गेला?’ या प्रश्नाला ‘किरकोळ!’ हे उत्तर, म्हणजे ‘सहज सुटला’. येथे विशेषणाचे जवळजवळ उद्गारवाचक झाले आहे.

‘किरकोळीत’ या रूपाकडेही लक्ष द्यावे. ‘माल किरकोळीत विकला’ यात व्यवहार आहे. ‘माझे म्हणणे त्यांनी किरकोळीत काढले’ यात उपेक्षा आहे. एकच रूप, पण क्रियापद बदलताच दुकानातून आपण थेट मानापमानाच्या प्रदेशात येतो.

३.४ शब्दाचे मूळ आणि त्याचा कन्नड भाऊ

‘किरकोळ’चा संबंध कन्नड भाषेशी जोडला जातो. कन्नडमध्ये ‘किरु’ म्हणजे लहान. लघुपटाला तेथे ‘किरुचित्र’ म्हणतात. या ‘किरु’वरून झालेला ‘किरुकुळ’ हा शब्द जुन्या कन्नडमध्ये लहानसहान, क्षुद्र अशा अर्थाने येतो. मराठी आणि कन्नड या भाषांचे शेजारपण शतकांचे आहे. राज्यकर्ते, व्यापारी, वारकरी आणि शेतकरी यांची ये-जा दोन्हीकडून होत आली आहे. तेव्हा बाजारात आणि हिशेबात लागणारा असा शब्द दोन्ही भाषांत नांदावा यात नवल नाही.

नवल आहे ते पुढच्या प्रवासाचे. मराठीत हा शब्द सुट्या मालाकडून बिनमहत्त्वाच्या गोष्टींकडे सरकला. कन्नडमध्ये मात्र तो वेगळ्याच दिशेने गेला. आजच्या कन्नडमध्ये ‘किरुकुळ’ म्हणजे त्रास, जाच, छळ. हुंड्यासाठी होणाऱ्या छळाला आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाला तेथील वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात. दोन भाषांनी एकाच मुळाचे हे जे केले ते अर्थपरिवर्तनाचे बोलके उदाहरण आहे. लहानसहान टोचणी रोज होत राहिली की तिचा जाच होतो. कन्नड भाषकांनी शब्दाचा अर्थ सोसणाऱ्याच्या बाजूने वाढवला असे म्हणावेसे वाटते. मराठीत तो पाहणाऱ्याच्या बाजूने वाढला. असा बदल कोणी ठरवून करीत नाही, आणि त्यावरून एका समाजाला संवेदनशील व दुसऱ्याला निष्ठुर ठरवणे हा बालिशपणा होईल. परंतु सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील ज्या विद्यार्थ्यांच्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात, त्यांनी हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत.

(‘किरकिर’ हा शब्द या कुळातला समजू नये. तो रडण्याच्या, कुरकुरण्याच्या आवाजावरून आलेला ध्वनिअनुकारी शब्द आहे.)

३.५ शेजारचे शब्द

समानार्थी म्हणून शिकवले जाणारे शब्द सहसा पूर्ण समानार्थी नसतात. ‘किरकोळ’च्या शेजाऱ्यांकडे एक नजर टाकली की हे पटेल.

‘क्षुल्लक’ हा शब्द संस्कृत दिसतो, आणि आहेही. पण तो संस्कृतच्या मूळ घराण्यातला नाही. ‘क्षुद्र’ या शब्दाचे प्राकृत वळणाचे रूप पुन्हा संस्कृतात शिरले आणि तेथे ‘क्षुल्ल’, ‘क्षुल्लक’ असे स्थिरावले, असे मानले जाते. ‘किरकोळ’ला जशी दुकानातली तटस्थ जागा आहे तशी ‘क्षुल्लक’ला मराठीत नाही; ‘क्षुल्लक विक्री’ असे आपण म्हणत नाही. तो नेहमी निवाडाच करतो. अपवाद आहे तो जैन परंपरेचा. दिगंबर जैन संप्रदायात ‘क्षुल्लक’ ही एक आदराची पायरी आहे. मुनिदीक्षेच्या अलीकडील, लंगोटी व एक उपवस्त्र बाळगणाऱ्या त्यागी श्रावकाला क्षुल्लक म्हणतात. त्याच्या वरची पायरी ऐलकाची. म्हणजे येथे शब्दाचा अर्थ ‘कनिष्ठ श्रेणीचा’ एवढाच आहे, तुच्छतेचा लवलेश त्यात नाही. (‘शुल्लक’ असे लिहिलेले उत्तरपत्रिकांत फार आढळते. ते अशुद्ध आहे. ‘शुल्क’ म्हणजे फी, आणि तिचा येथे काही संबंध नाही.)

‘यःकश्चित’चा प्रवास आणखी मनोरंजक आहे. संस्कृतात ‘यः कश्चित्’ म्हणजे ‘जो कोणी’. त्यात थोरपणा नाही तसा हलकेपणाही नाही. पण ‘जो कोणी’ म्हणजे ज्याला नाव नाही तो, आणि ज्याला नाव नाही तो कसला महत्त्वाचा, अशा वाटेने मराठीत त्याचा अर्थ ‘अगदी सामान्य, कस्पटासमान’ असा झाला. ‘मामुली’चेही असेच. मुळात ‘नेहमीचा, रिवाजाप्रमाणे चालणारा’ असा अर्थ असलेला हा अरबी मुळाचा शब्द ‘साधारण, नगण्य’ या अर्थावर येऊन थांबला. जे बेनाव ते हलके आणि जे नेहमीचे ते हलके, अशा या दोन वाटा आहेत. वहीतल्या शेवटच्या रकान्याची येथे आठवण व्हावी.

‘फुटकळ’ हा शब्द विशेषतः लेखनाविषयी वापरतात. एखाद्या लेखकाच्या ‘स्फुट’ लेखनाविषयी बोलताना आपण तटस्थ असतो. त्यालाच ‘फुटकळ’ म्हटले की नाक थोडे मुरडलेले असते. ‘चिल्लर’ म्हणजे सुटी नाणी, आणि माणसांना किंवा मुलांना लावला की सरळसरळ तुच्छता. ‘सटरफटर’ वस्तूंना व कामांना लागतो.

या सर्वांत मला स्वतःला सर्वाधिक विचार करण्याजोगा वाटतो तो ‘किडूकमिडूक’. घरातील बारीकसारीक दागदागिने, साठवलेले चार पैसे यांना किडूकमिडूक म्हणतात. आणि हा शब्द ज्या वाक्यात नेहमी येतो ते वाक्य पाहा : ‘होते नव्हते ते किडूकमिडूक विकून तिने मुलाला शिकवले.’ सराफाच्या तागडीत ज्याचे वजन थोडे, ते त्या घरातले सर्वस्व असते. शब्द वस्तूला लहान म्हणतो आणि वाक्य तिला अमोल ठरवते. ‘किरकोळ दागिने विकून’ असे म्हटले तर हा सारा भाव नाहीसा होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : पुढील रिकाम्या जागी किरकोळ, क्षुल्लक, फुटकळ, किडूकमिडूक यांपैकी योग्य शब्द घाला व तोच का निवडला हे एका वाक्यात लिहा. (अ) त्यांचे ___ लेख अद्याप पुस्तकरूपाने आलेले नाहीत. (आ) भाजीचे ___ भाव उतरले नाहीत. (इ) एवढ्या ___ गोष्टीचा तुम्ही राग धरलात? (ई) गावाकडचे ___ गहाण ठेवून त्यांनी बियाणे आणले.

३.६ कोण म्हणते, कोणाविषयी म्हणते

आता निवाड्याच्या अर्थाकडे येऊ. ‘किरकोळ’ म्हणणारा आणि ज्याविषयी म्हटले जाते तो यांचे नाते तपासले की या शब्दाचे वेगळेच व्याकरण हाती लागते.

बोलणारा स्वतःविषयी बोलत असेल तर ‘किरकोळ’ हा बहुधा शिष्टाचार असतो. ‘कशाला एवढे आणलेत?’ ‘अहो, किरकोळ आहे.’ भेटवस्तू देणारा तिची किंमत लपवतो, मदत करणारा आपले कष्ट लपवतो, आजारी माणूस आपले दुखणे लपवतो. ‘काही नाही हो, किरकोळ ताप आहे’ हे वाक्य कित्येक घरांत दवाखान्यात जाणे आठ दिवस लांबवते. याच जातीचे दुसरे वाक्य : ‘एक किरकोळ काम होते तुमच्याकडे.’ हे ऐकताच सावध व्हावे. काम लहान आहे असे ते सांगत नाही; नकार देऊ नका असे सुचवते.

समोरच्याविषयी म्हटले की अधिकाराचा प्रश्न येतो. डॉक्टर तपासून ‘किरकोळ आहे, घाबरू नका’ म्हणतात तेव्हा तो दिलासा असतो, कारण त्यामागे तपासणी आहे. तेच वाक्य न तपासता, दारातूनच कोणी म्हटले तर ती हेटाळणी होते. शब्द तेच, सूरही कदाचित तोच. फरक एवढाच की पहिल्याने मोजून सांगितले आणि दुसऱ्याने मोजणे नाकारले.

आणि तिसऱ्या, समोर नसलेल्या व्यक्तीविषयी किंवा तिच्या कामाविषयी म्हटले की त्या शब्दाला उत्तर द्यायला कोणी उरतच नाही. ‘घरातली किरकोळ कामे’ हा प्रयोग घ्या. पाणी भरणे, धान्य निवडणे, कपड्यांच्या घड्या, मुलांचे डबे, म्हाताऱ्यांची औषधे. यांतील प्रत्येक काम सुटे आहे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ थोडा आहे; म्हणजे पहिल्या तीन अर्थांनी ‘किरकोळ’ हा शब्द येथे बसतोही. पण २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्या पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. सुट्या कामांची बेरीज केली की ती किरकोळ राहत नाही. ती बेरीज कोणी केली नव्हती म्हणूनच ती कामे किरकोळ होती. हा घटक वाचण्यासाठी ज्यांना रात्री सर्वांची निजानीज होईपर्यंत थांबावे लागले असेल, त्या विद्यार्थिनींना हे उदाहरण अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

३.७ बातमी आणि कायदा

‘किरकोळ कारणावरून मारहाण’, ‘किरकोळ वादातून खून’ ही शब्दसंहती मराठी वृत्तपत्रांत इतकी रुळली आहे की ती वाचताना डोळा अडखळत नाही. अभ्यासक म्हणून आपण तेथे अडखळले पाहिजे.

बातमीदाराचा हेतू बहुधा चांगला असतो. एवढ्याशा कारणासाठी एवढे क्रौर्य, हा विरोध त्याला दाखवायचा असतो. म्हणजे ‘किरकोळ’ हा शब्द येथे आरोपीला दोष देण्यासाठी येतो. पण त्याच शब्दाचे दुसरे टोक उलट दिशेने काम करते. ‘किरकोळ कारणावरून पत्नीला मारहाण’ असे वाचले की कारण काय होते हे वाचकाला कळतच नाही, आणि घटना ‘घरोघरी चालणारी भांडणे’ या बेनाव रकान्यात जाऊन पडते. जेवणात मीठ कमी पडले म्हणून मारले, माहेरी फोन केला म्हणून मारले, पगार हातात दिला नाही म्हणून मारले, ही तीन कारणे एकसारखी नाहीत. शेवटच्या कारणाला ‘किरकोळ’ म्हणणे तर सरळ चुकीचे आहे, कारण तो स्वतःच्या कमाईवरील हक्काचा प्रश्न आहे. म्हणून बातमीलेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना आमची सूचना अशी की कारण ठाऊक असेल तर ते लिहावे आणि विशेषण गाळावे. कारण ठाऊक नसेल तर ते किरकोळ होते हे तरी कसे ठाऊक?

‘किरकोळ जखमी’ या प्रयोगाबाबतही अशीच सावधगिरी हवी. कायद्याच्या मराठीत ‘दुखापत’ आणि ‘जबर दुखापत’ असे दोन भेद आहेत, आणि त्यांची सीमारेषा पाहणाऱ्याच्या मतावर सोडलेली नाही. हाड मोडणे किंवा निखळणे, डोळा वा कान कायमचा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे या गोष्टी जबर दुखापतीत मोडतात. दात तुटला किंवा निखळला तर तीही जबर दुखापतच, मग गल्लीतले लोक ‘दातच तर पडला’ असे कितीही म्हणोत. याच यादीत दिवसांचे मोजमापही आहे. जखमी माणूस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, असा काळ १८६०च्या भारतीय दंड संहितेत २० दिवसांचा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो १५ दिवसांचा झाला. पाच दिवसांनी सीमा सरकली. किरकोळ कशाला म्हणावे हे कोठे तरी लिहून ठेवावे लागते आणि ते पुन्हा बदलताही येते, हे यावरून दिसते.

याच कायद्यात किरकोळपणाचे स्वतंत्र कलमही आहे. दंड संहितेत ते ९५वे होते, न्याय संहितेत ३३वे आहे. झालेला अपाय इतका अल्प असेल की सर्वसाधारण समज आणि स्वभाव असलेली व्यक्ती त्याची तक्रार करणार नाही, तर ते कृत्य गुन्हा मानू नये, असा त्याचा आशय आहे. गर्दीत धक्का लागला, अंगावर पाण्याचे शिंतोडे उडाले, अशा गोष्टी न्यायालयात येऊ नयेत म्हणून हे कलम शहाणपणाचेच आहे. प्रश्न उरतो तो ‘सर्वसाधारण व्यक्ती’ कोण, हा.

या प्रश्नाची कसोटी एका प्रसिद्ध खटल्यात लागली. १९८८ साली चंदीगडमधील एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांनी केली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली, आणि त्यासाठी ९५व्या कलमाचाही आधार घेतला. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही बाब किरकोळीत निघाली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या कृत्याला हे कलम लावता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. खटला पुढे चालला, गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोषी असल्याचा निष्कर्ष कायम केला. तक्रारीपासून येथवर १७ वर्षे गेली. कन्नड वर्तमानपत्रात ज्याला ‘किरुकुळ’ म्हटले गेले असते ते मराठी अर्थाने ‘किरकोळ’ नाही, एवढे ठरायला.

३.८ स्वाध्याय

१. ‘किरकोळ’ या शब्दाच्या चार अर्थच्छटा स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा. या घटकातील उदाहरणे वापरू नका.

२. ‘किरकोळ जखमी प्रवासी’ आणि ‘किरकोळ दुकानदार’ या दोन शब्दसमूहांत ‘किरकोळ’चे व्याकरणिक कार्य कसे वेगळे आहे ते सांगा.

३. तुमच्या बोलीत महत्त्व नसलेल्या गोष्टींसाठी वापरले जाणारे तीन शब्द मिळवा. ते वस्तूंना लागतात, कामांना लागतात की माणसांना, याची नोंद करा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा घरात बोलली जाणारी कोणतीही बोली चालेल. कोशात न सापडणारा शब्द मिळाला तर तो अवश्य लिहा.

४. एक आठवडाभर घरी, कामाच्या ठिकाणी आणि प्रवासात ‘किरकोळ’ हा शब्द कानावर पडेल तेव्हा वहीत टिपून ठेवा. कोण म्हणाले, कशाविषयी म्हणाले आणि ते काम किंवा दुखणे प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आले होते, असे तीन रकाने करा. ही वही संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.